पेशीचा खेळ आणि कपाटाची किल्ली

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या एका पोरास आम्हीं विचारलें, "पेशी म्हणजे काय रे?" पोर ताडकन् उभें राहिलें आणि एका दमांत म्हणून मोकळें झालें, "पेशी हा सजीवांच्या रचनेचा व कार्याचा मूलभूत घटक आहे." एक अक्षर चुकलें नाहीं. आम्हीं पुढें विचारलें, "मग तुझ्या बोटांत पेशी आहेत का?" पोरानें बोटाकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें आणि हळूच म्हणालें, "गुरुजी, त्या पुस्तकांत असतात ना?"

वर्गांत हंशा पिकला. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. ज्या गोष्टींनीं आपलें अंग बनलें, ती गोष्ट आपल्या अंगांत नसून पुस्तकांत असते, असें ज्या पोरास वाटतें, त्याला आम्हीं विज्ञान शिकविलें कीं मंत्र शिकविला? आमच्या आज्या-पणज्यांनीं लग्नांत व श्राद्धांत अर्थ न कळणारे मंत्र कान देऊन ऐकले आणि वर दक्षिणा दिली. १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला, तेव्हांपासून तो मंत्र घरांतून काढून लावण्याची खटपट चालली आहे. परंतु घरांतून निघालेला मंत्र शाळेच्या दारानें परत आंत आला, हें आम्हांस कळलेंच नाहीं. फरक इतकाच कीं, आतां तो मराठींत आहे आणि दक्षिणेच्या जागीं गुण मिळतात.

दोष पोराचा नाहीं. पेशी ही वस्तु नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. पुस्तकांतलें चित्र निश्चल असतें. खरी पेशी क्षणभर स्वस्थ नसते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं बुचाचा पातळ काप भिंगाखालीं धरला आणि मधाच्या पोळ्यासारखीं खणें पाहिलीं. त्यानें पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. त्याला साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आमचीं खेड्यांतलीं मुलें अजून भिंतीच पाहत आहेत. प्रद्रव्यपटल, केंद्रक, तंतुकणिका, लयकारिका अशीं नांवें घोकावयाचीं, चित्राला बाण काढावयाचे आणि परीक्षा झाली कीं पाटी पुसावयाची, असा हा क्रम चालला आहे.

या दुखण्यावर हल्लीं एक नवा उपाय सांगतात. संगणकावर किंवा टॅबलेटवर खेळ खेळवून पेशीविज्ञान शिकवावें असें म्हणतात. यावर आमच्या मंडळींत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, "खेळून कोठें विद्या येते? हीं शहरी थेरें आहेत." दुसरा म्हणतो, "पोराच्या हातीं टॅबलेट द्या, मग मास्तराचें तरी काय काम?" आमच्या मतें दोघेही वस्तूकडे न पाहतां बोलतात. म्हणून आधीं वस्तु पाहूं.

२०१० सालीं अमेरिकेंत 'सेलक्राफ्ट' नांवाचा एक खेळ निघाला. त्यांत खेळणाराच्या ताब्यांत एक पेशी असते. बाहेरून ग्लुकोज गोळा करावयाचें. तंतुकणिका त्याचें एटीपी करते, म्हणजे पेशीला खर्चावयाचें रोख नाणें करते. हिंडणें, नवा भाग बांधणें, शत्रूशीं लढणें, प्रत्येक कामाला हें नाणें पडतें. हरितलवक असेल तर उन्हापासून ग्लुकोज घरींच तयार होतें. विषाणू आंत शिरला कीं लयकारिका कामाला लावावी लागते. जमेपेक्षां खर्च वाढला कीं पेशी संपली. येथें तंतुकणिकेची व्याख्या कोणी पाठ करून घेत नाहीं. पण तिला विसरणारा खेळाडू दोन मिनिटांत हरतो. शेतकऱ्याच्या पोरास हें सांगावें लागत नाहीं. घरांत दाणा किती आणि तोंडें किती, हा हिशेब तो जन्मापासून पाहत आला आहे.

आतां दुसऱ्या जातीचा खेळ पहा. पडद्यावर रंगीत फुगे उडतात. एका फुग्यावर 'केंद्रक', दुसऱ्यावर 'रिक्तिका'. खालीं प्रश्न. बरोबर फुगा फोडला कीं टाळ्या वाजतात आणि दहा गुण मिळतात. बाजारांत जे शैक्षणिक खेळ म्हणून विकले जातात, त्यांत असे पुष्कळ आहेत. हें जुनेंच घोकणें. त्याला फुग्यांची झालर लाविली इतकेंच. खरा खेळ ओळखण्याची एक सोपी कसोटी आम्हीं ठरविली आहे. खेळांतलें पेशीविज्ञान काढा आणि त्या जागीं नद्यांचीं नांवें घाला. खेळ जसाच्या तसा चालला, तर तो विज्ञानाचा खेळ नव्हे. सेलक्राफ्टांतून पेशी काढली तर खेळच उरत नाहीं, कारण तेथें पेशीचा धर्म हाच खेळाचा नियम आहे. मुख्याध्यापकांनीं व पालकांनीं पैसे मोजण्यापूर्वीं एवढी कसोटी लाविली, तरी गरिबांचा पुष्कळ पैसा वांचेल.

परंतु खरा खेळ झाला म्हणून त्यांतलें सगळेंच खरें असें मानूं नये. खेळणारा पोर हुकूम सोडतो आणि पेशी तो मानते. त्यावरून पेशींत कोणी मुकादम बसलेला असून तो विचार करून कामें वाटतो, असा त्याचा ग्रह होतो. पेशींत मुकादम नाहीं. रेणू रेणूला भिडतो आणि त्यांतून काम होतें. पडद्यावर एक-दोन तंतुकणिका दिसतात. माणसाच्या यकृताच्या एकेका पेशींत त्या हजार-दोन हजारांच्या घरांत असतात आणि तांबड्या रक्तपेशींत एकही नसते. पडद्यावर पेशी चपटी व रंगीबेरंगी दिसते; खरी पेशी जाडी असलेली आणि बहुधा रंगहीन असते. एवढें सांगावयास मास्तर लागतो. यंत्र आलें म्हणजे मास्तर सुटला असें नव्हे; त्याचें काम उलट वाढलें.

आणि मास्तरानें काय करावें? चाकू घ्यावा, कांदा चिरावा, आंतला पातळ पापुद्रा काढावा, त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा आणि सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावा. विटांच्या बांधकामासारख्या ओळी दिसतात आणि प्रत्येक विटेंत एक पिवळट ठिपका, तें केंद्रक. १८८२ सालीं महात्मा फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतला शिक्षक शेतकरी वर्गांतून यावा, नांगर किंवा वाकस हातीं धरण्याची त्यास लाज वाटूं नये, अशी मागणी होती. आज त्यांत टॅबलेट आणि कांदा या दोन वस्तूंची भर घालावी. एकाच हातानें दोन्ही धरणारा शिक्षक हवा. जें डोळ्यांना दिसूं शकतें तें कांद्यांत दाखवावें. जें शाळेच्या भिंगाखालीं दिसूं शकत नाहीं, म्हणजे पेशींतली घडामोड, तें खेळांत दाखवावें. एकावांचून दुसरें लंगडें आहे. सूक्ष्मदर्शक महाग म्हणून रडण्याचेंही कारण राहिलें नाहीं. मनू प्रकाश या भारतीय शास्त्रज्ञानें व त्याच्या सोबत्यांनीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत कागदाच्या घडीचा 'फोल्डस्कोप' केला आणि २०१४ सालीं त्याची हकीगत प्रसिद्ध केली. त्याला लागणारें सामान एका डॉलराहून कमी किमतीचें होतें.

इतकें सगळें उपलब्ध असतां आमचा पोर पेशी पुस्तकांत असते असें कां म्हणतो? येथें खरी गोम आहे.

२०१५ सालीं राज्यांत 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला आणि डिजिटल शाळांची लाट आली. शिक्षकांनीं पदरमोड केली, गांवकऱ्यांनीं वर्गणी दिली, हें खरें आणि स्तुत्य आहे. पण त्या वेळीं आमच्या पाहण्यांतल्या एका शाळेंत काय झालें तें ऐका. पांच टॅबलेट आले. नारळ फुटला, हार पडला, पाहुण्यांचें छायाचित्र निघालें. दुसऱ्या दिवशीं पांचही टॅबलेट लोखंडी कपाटांत गेले आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत गेली. कारण विचारलें तर उत्तर आलें, "पोरें फोडतील, भरपाई कोण देणार?" दोन वर्षांनीं कपाट उघडलें तेव्हां बॅटऱ्या फुगलेल्या. एकाही पोराचें बोट त्यांस लागलें नव्हतें. वाचकहो, याला सोंवळें म्हणावयाचें नाहीं तर काय म्हणावयाचें? पूर्वीं पोथी शिवली तर बाटे. आतां टॅबलेट शिवला तर फुटतो. मुख्याध्यापक बिचारे जातीनें भट नव्हते. ते आपल्यांतलेच, कुणब्याचे पोर. भटपण जातींत नसून ज्ञानाला कुलूप घालण्याच्या खोडींत आहे, हें यावरून ध्यानीं घ्यावें.

दुसरें कुलूप भाषेचें. पेशीचे जे चांगले खेळ आहेत ते बहुतेक इंग्रजींत. पोराला पेशी आधीं समजावी कीं इंग्रजी? तिसरें कुलूप पैशाचें. आज फुकट म्हणून हातीं दिलेला खेळ उद्यां वर्गणी मागतो. चौथें कुलूप असें कीं, हा माल उसना असतो. सेलक्राफ्ट ज्या 'फ्लॅश' नांवाच्या व्यवस्थेवर चाले, ती तिच्या मालकांनीं २०२० सालच्या अखेरीस बंद केली आणि त्यावर उभे असलेले जगभरचे असंख्य खेळ एका रात्रींत अडगळ झाले. शाळेचा सूक्ष्मदर्शक पन्नास वर्षें टिकतो. हा माल दुसऱ्याच्या मर्जीवर टिकतो. पांचवें कुलूप घरांतलें. २०२० च्या टाळेबंदींत सर्वांनीं पाहिलें कीं, ज्या घरांत एकच फोन, त्या घरांत तो आधीं बापाचा, मग पोराचा, आणि उरला तर पोरीचा. चूल-भांडीं आटोपून पोर फोनापाशीं येई तेव्हां त्यांतली वीज संपलेली असे.

आणि या कुलपांचा धंदा कोण करतो? आमचे वाडवडील शेटजी-भटजींच्या नांवानें बोटें मोडीत. आज शहराच्या वेशीवर ज्या झगमगीत शाळा उभ्या आहेत, पोरामागें हजारों रुपये घेऊन ज्या त्यांस पडद्यावर पेशी फिरवून दाखवितात, त्यांच्या मालकांचीं नांवें वाचा. पुष्कळ नांवें आपल्याच भावकींतलीं निघतील. व्याख्यानांत शाहू-फुल्यांचें नांव आणि कचेरींत फीची पावती! शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि पोर शाळेंत न पाठविणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेविला. आज दंड कोणाला करावा? पोर शाळेंत आहे, टॅबलेटही शाळेंत आहे. दोघांच्या मध्यें कपाट आहे.

कोणी म्हणेल, मास्तर नुसती टीका करतात. सबब आम्हीं काय केलें तेंही थोडक्यांत सांगतों. अध्यापक विद्यालयांत शिकलेल्या मास्तराला विज्ञान काय येणार असें म्हणणारे आहेत. पण त्या विद्यालयानें आम्हांस टाकाऊ वस्तूंतून शिकविण्याचें साहित्य करावयास शिकविलें, तें येथें कामास आलें. मैदानांत फक्कीनें एक मोठें वर्तुळ आंखलें. तीच पेशी. कडेवर मुलें उभीं केलीं, तें प्रद्रव्यपटल. खेळ आट्यापाट्यांचा, नियम पेशीचा. पाण्याचे गडी मोकळे आंत-बाहेर जातील. ग्लुकोजाचा गडी वाहकानें हात धरल्यावांचून आंत येणार नाहीं. आंत दोघी मुली तंतुकणिका. एक चिंचोका म्हणजे ग्लुकोजाचा एक रेणू. ऑक्सिजनाचा गडी हजर असेल तर एका चिंचोक्याचे तीस खडे मिळावयाचे, नसेल तर दोनच. जुन्या पुस्तकांत अडतीसचा हिशेब असे. अलीकडची मोजणी तीस-बत्तीसची आहे. ऑक्सिजनाच्या गड्याला दोन मिनिटें बाहेर बसविलें आणि पेशीचें दिवाळें निघालें. तेव्हां एक पोर म्हणाली, "गुरुजी, म्हणून धावल्यावर धाप लागते! आंतल्यांना तीस खडे पाहिजेत." हें वाक्य आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं.

मैदानावर नियम अंगांत मुरल्यावर मग पडद्याकडे गेलों. कोलोरॅडो विद्यापीठांत २००२ सालीं 'फेट' नांवाचा उपक्रम निघाला. विज्ञानाचे चालते-बोलते देखावे तो फुकट देतो, त्यांतल्या कांहींचें मराठींत भाषांतर झालें आहे आणि एकदां उतरवून घेतले कीं ते इंटरनेटावांचून चालतात. आमच्या कामाचे तेवढे निवडून घेतले. मैदानावर खेळलेलीं मुलें पडद्यावरचे कण पाहून ओरडलीं, "हा पाण्याचा गडी! हा अडकला!" जीं मुलें आधीं मैदानांत खेळलीं नसतीं, त्यांनीं नुसते रंगीत ठिपके पाहिले असते. परासरण शिकविल्यावर आम्हीं विचारलें, युरिया मुळाशीं फार पडला तर पीक कां करपतें? उत्तर मागच्या बांकावरून आलें, "बाहेर खत दाट झालें, म्हणून मुळांतलें पाणी बाहेर पळालें." त्या पोरानें संध्याकाळीं तें बापास सांगितलें. बाप दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला, तक्रार घेऊन नव्हे, खात्री करून घेण्यास. मनुका पाण्यांत फुगते व मिठांत कैरी पाणी सोडते, त्यांतलेंच हें, असें दाखविलें तेव्हां म्हणाला, "इतकीं वर्षें करपवलें, पण कारण आज कळलें."

एके दिवशीं प्रत्येक मुलाला नवी काडी दिली आणि ज्यानें त्यानें आपल्याच गालाच्या आंतून हलकेंच खरवडून कांचेवर लाविलें. निळा रंग घालून सगळ्या कांचा एका ताटांत मिसळल्या. मग विचारलें, "ओळखा, कोणती कोणाची?" वर्गांत सर्व आळ्यांचीं पोरें होतीं. जो तो भिंगांतून पाही आणि मान हालवी. निळी चकती आणि मध्यें गडद ठिपका, सगळ्या सारख्याच. कोणी भाषण केलें नाहीं. ज्या राज्यांत अजून कित्येक गांवांत मसणवटेही जातवार आहेत, तेथें हा तास फुकट गेला असें आम्हांस वाटत नाहीं.

शेवटीं जिवावरची गोष्ट. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वांकते, बारीक वाहिन्यांत अडकते आणि पोराचीं हाडें दुखून तें कळवळतें. केंद्र सरकारनें १ जुलै २०२३ रोजीं त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ ची मुदत ठेविली. पण ज्या घरांत पेशी म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, तें घर आधीं भगताकडे जातें, कोंबडें देतें आणि सुनेच्या पायाला दोष लावतें. तेथें पेशीचा धडा गुणांसाठीं नसतो. दोन वाट्या घ्या. प्रत्येकींत एक पांढरी व एक तांबडी चवळी. या दोन वाट्या म्हणजे आजाराचे वाहक असलेले आई-बाप. डोळे मिटून दोहोंतून एकेक दाणा काढा, लिहून ठेवा, परत टाका. दोन्ही तांबडे आले तर तें मूल आजारी. एका तासांत वर्गानें शंभर वेळां काढले तर पंचविसांच्या आसपास येतात. कधीं एकोणीस, कधीं एकतीस. तोच खेळ यंत्रावर क्षणांत दहा हजार वेळां होतो आणि उत्तर चौथाईला जाऊन चिकटतें. हाताचें काम कोठें संपतें आणि यंत्राचें कोठें सुरू होतें, हें यांत स्पष्ट दिसतें. पोराला कळतें कीं, हा देवीचा कोप नव्हे, एकट्या आईचा दोषही नव्हे. लग्नापूर्वीं दोघांचें रक्त तपासलें तर पुढचा विचार डोळे उघडे ठेवून करतां येतो.

आतां आमचें मागणें. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति दिली आहे. तींत तीन चतुर्थांश आईबाप असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. ही समिति चहा पिऊन सही करण्यासाठीं नाहीं. पुढच्या बैठकींत प्रत्येक आईबापानें चार प्रश्न विचारावे. कपाटाची किल्ली कोणापाशीं आहे? गेल्या महिन्यांत टॅबलेट मुलांच्या हातीं किती तास होते, आणि त्यांतले मुलींच्या हातीं किती? जो खेळ दाखवितां तो मराठींत व इंटरनेटावांचून चालतो का? आणि खेळ झाल्यावर कांदा चिरला का? फुटेल तो टॅबलेट दुरुस्त करण्याची तरतूद समितीनें ठरावांत घालावी, म्हणजे मुख्याध्यापकांची भीति जाईल. आणि सरकारनें शहरांतल्या कंपन्यांचे फुगे विकत घेण्याऐवजीं मराठी शिक्षकांकडून खरे खेळ करवून घ्यावे आणि ते सर्वांस मोकळे ठेवावे.

त्या पहिल्या पोरास परवां आम्हीं पुन्हां तोच प्रश्न केला. व्याख्येंतले दोन शब्द तो विसरला. पण त्यानें उलट विचारलें, "गुरुजी, एका बोटांत किती पेशी असतील तें मोजतां येईल का?" मंत्र म्हणणारा उलट प्रश्न विचारीत नाहीं. विचारूं लागला कीं समजावें, कुलूप निघालें. एका पोराचें निघालें. बाकीच्यांचें निघावयाचें तर किल्ली मागावी लागेल. ती आजवर मागितल्यावांचून बहुजनसमाजाला कोणीं दिली आहे काय?

— एक खेड्यांतील शिक्षक